लाइट गेली की लॅपटॉप पळतो: वाय-फाय वठणीवर आणण्याच्या नोंदी

मिरजेतलं जुनं दुमजली घर, भिंती दीड फुटी. खाली माजघरात केबलवाल्याचं राउटर, वरच्या खोलीत माझं टेबल. लॅपटॉप एकच: विंडोज 11, आवृत्ती 24एच2. दिवसा त्यावर माझं काम चालतं, संध्याकाळी अप्पा ओळखीपाळखीच्या लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरून देतात. 2025 साली रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरपर्यंत गेली, त्यामुळे अप्पांचा सीझन लांबला आणि माझ्या डोक्याचा तापही.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, कारण ही वही अप्पाही वाचतात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि ‘बरोबर’च्या जागी = हे चिन्ह. नेटवर्कची खरी नावंही इंग्रजीतच आहेत. इथे ओळखायला सोपं म्हणून राउटरच्या 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन बँडना ‘घर’ आणि ‘घर-5’, आणि माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला ‘फोन’ म्हणतो.

2 ऑगस्ट 2025, शनिवार

सकाळी पावणेअकराला मोबाइलवर मेसेज: आजचा 2 जीबी डेटा संपला. फोन मी नऊ वाजता चार्जिंगवरून काढला होता आणि त्यावर दोन कॉल सोडून काही केलं नव्हतं. हा महिन्यातला कितवा तरी मेसेज.

अप्पांचं निदान तयार. “कुणीतरी आपलं नेट ओढतंय. ती समोरची पोरं असणार.”

मीही ऐकलं आणि हॉटस्पॉटचा पासवर्ड बदलला. मग लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये नेटवर्कखाली डेटा यूसेज उघडलं. तिथे नेटवर्क निवडलं की त्या-त्या नेटवर्कवर कुठल्या प्रोग्रॅमने किती खाल्लं ते दिसतं. ‘फोन’ निवडलं: 30 दिवसांत 27 जीबी. त्यातले 9 जीबी एकट्या फोटो क्लाउडवर चढवणाऱ्या प्रोग्रॅमचे. म्हणजे समोरची पोरं निर्दोष. चोर घरातलाच, माझ्याच टेबलावर बसलेला.

हॉटस्पॉट मी लाइट जाते म्हणून कायम चालू ठेवतो. लाइट गेली की राउटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर, आणि तो आपसूक ‘फोन’ला जाऊन चिकटतो. तिथपर्यंत ठीक आहे, त्याच्यासाठीच तर ठेवलाय. पण लाइट आल्यावर तो परत ‘घर’वर येत नाही, दिवसभर फोनलाच लटकतो.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. अप्पा एका रिटर्नच्या मधोमध. मी सकाळी बदललेला पासवर्ड लॅपटॉपला माहीत नव्हता, त्यामुळे तो कुठेच गेला नाही. भरलेलं सगळं गेलं. अप्पा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तर पाहिजे ते असं: आधी ‘घर’, ते नसेल तर ‘फोन’, आणि ‘घर’ आलं की मुकाट्याने परत. तीन ओळींचं काम. रविवारी सकाळी तासाभरात उरकेल असं धरून चाललोय.

3 ऑगस्ट, रविवार

तासाभरात उरकलं नाही.

आधी आत्ता नेमकं कशाला जोडलंय ते बघावं म्हणून कमांडची काळी खिडकी उघडली आणि टाइप केलं: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस. उत्तर आलं की या कमांडला लोकेशनची परवानगी लागते. वाय-फाय बघायला लोकेशन कशाला? पाऊण तास मी वेगवेगळ्या पद्धतीने तीच कमांड देत बसलो, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊनही दिली. शेवटी कळलं की 24एच2 पासून ते खरंच लागतं: आजूबाजूच्या राउटरांच्या यादीवरून तुम्ही कुठे आहात ते काढता येतं, म्हणून ती यादी आता लोकेशनच्या कुलपाआड गेली. सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली लोकेशन चालू केलं आणि डेस्कटॉप अ‍ॅप्सना मुभा दिली, की कमांड चालते. जुने लेख वाचून करायला जाल तर इथेच पहिली ठेच लागेल.

दुसरी कमांड मात्र सोन्यासारखी निघाली: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट. ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच द्यावी लागते. मागच्या तीन दिवसांच्या अहवालाची फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडायची: किती वाजता कुठल्या नेटवर्कला जोडलं, कधी सुटलं, का सुटलं. गेल्या तीन दिवसांत ‘घर’ चार वेळा सुटलं होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई लाइट गेल्याच्या वेळा पेन्सिलने लिहिते (तिचं फ्रीजमधल्या दुधाचं गणित असतं). कॅलेंडर वर आणून ताडून पाहिलं. चारही वेळा जुळल्या. म्हणजे राउटर, ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारा प्रोग्रॅम), अँटेना यातलं काहीच बिघडलेलं नाही. हे पहिल्याच दिवशी कळलं हे बरं झालं, नाहीतर मी नवं राउटर घ्यायच्या बेतात होतो.

5 ऑगस्ट, मंगळवार

आज एक मूर्खपणा केला, तो नीट लिहून ठेवतो.

नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल्स म्हटलं की लॅपटॉपने आजवर लक्षात ठेवलेल्या सगळ्या नेटवर्कची यादी येते. माझ्याकडे 34 निघाली. रेल्वे स्टेशन, दोन लॉज, जुनं ऑफिस, बहिणीच्या बाळंतपणातलं दवाखान्याचं वाय-फाय, एका लग्नाचं कार्यालय. बरीचशी बिनपासवर्डची, आणि सगळ्यांपुढे आपोआप जोडायची टिकली. विंडोज नेटवर्क ओळखते ते नावावरून आणि सुरक्षेच्या प्रकारावरून. उद्या कुणी स्टँडवर बसून त्याच नावाचं उघडं हॉटस्पॉट लावलं, तर माझा लॅपटॉप जुना मित्र भेटल्यासारखा त्याच्या गळ्यात पडेल. तेव्हा साफसफाई करायचीच होती.

एकेक खोडायचा कंटाळा आला. नावाच्या जागी तारा (*) टाकला की बरीच एकदम जातात असं वाचलं होतं: नेटएसएच डब्ल्यूलॅन डिलीट प्रोफाइल नेम बरोबर तारा. बरीच नाही, सगळीच गेली. ‘घर’सकट.

घरच्या वाय-फायचा पासवर्ड कुणालाच आठवेना. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर आहे तो कंपनीतून आलेला, तो बदलून चार वर्षं झाली. अप्पांची डायरी, कपाटाच्या दाराची आतली बाजू, सगळं पाहून झालं. शेवटी आईच्या फोनने तारलं. अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या वाय-फायवर शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच फोनवर त्याच्याखाली पासवर्डही साध्या अक्षरात दिसतो. दीड तास गेला.

6 ऑगस्ट

काल जे आधी करायला हवं होतं ते आज केलं. प्रोफाइलची नक्कल काढून ठेवायची कमांड आहे: नेटएसएच डब्ल्यूलॅन एक्सपोर्ट प्रोफाइल, पुढे फोल्डरचा पत्ता आणि ‘की बरोबर क्लिअर’. त्या शेवटच्या दोन शब्दांनी पासवर्ड फाइलीत उघडा लिहिला जातो. परत आणायला अ‍ॅड प्रोफाइल.

फाइल डेस्कटॉपवर ठेवली. रात्री लक्षात आलं की डेस्कटॉप क्लाउडला जोडलेला आहे, म्हणजे घराच्या वाय-फायचा पासवर्ड मी माझ्याच हाताने ढगात पाठवला. तिथून खोडली, तिथल्या कचरापेटीतूनही खोडली, आणि आता ती पेनड्राइव्हवर, अप्पांच्या एलआयसीच्या पाकिटात आहे. पासवर्ड बदलायचा का? बदलायला हवा. पण मग टीव्ही, कॅमेरा, चार फोन आणि आत्याने पाठवलेला तो बोलणारा डबा, सगळ्यांना नव्याने सांगावं लागेल. दसऱ्याला करू म्हटलं.

9 ऑगस्ट, शनिवार

आज क्रम लावला. तीनच प्रोफाइल: ‘घर-5’, ‘घर’, ‘फोन’.

नेटएसएच डब्ल्यूलॅन सेट प्रोफाइलऑर्डर, मग नेम, इंटरफेस (म्हणजे लॅपटॉपच्या वाय-फाय जोडणीचं नाव) आणि प्रायॉरिटी. प्रायॉरिटी 1 म्हणजे सर्वांत वर. पहिल्या वेळी “असं प्रोफाइल सापडत नाही” आलं, कारण नावातलं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं आहे आणि मी लहान टाकलं होतं. इथे लहान-मोठं अक्षर वेगळं मोजतात. नावात जागा सोडलेली असेल तर अवतरणचिन्हंही घालावी लागतात.

‘घर-5’ला पहिला नंबर दिला, कारण ते वेगवान. आणि दुपारच्या कॉलवर माझा आवाज चिरकायला लागला. वरच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झची एकच कांडी येते. ती लहर दीड फुटी भिंत आणि मधला स्लॅब ओलांडताना दमते. 2.4ची मात्र तीन कांड्या आरामात. मला वाटलं होतं विंडोज दोन्ही तपासून चांगलं ते घेईल. क्रम लावताना ती चांगलं-वाईट बघत नाही, वरून खाली यादी वाचते आणि पहिलं जे सापडेल ते धरते. क्रम म्हणजे मानपान, गुणवत्ता नव्हे.

राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही बँडना एकच नाव, एकच पासवर्ड दिला. आता ‘घर-5’ प्रोफाइलच उरलं नाही. कुठल्या बँडवर जायचं ते लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड ठरवतं, आणि वरच्या खोलीत ते शहाण्यासारखं 2.4 घेतं. राउटरवरची ती खटपट वीस मिनिटांची. वेगवेगळी नावं कुणी आणि का दिली होती, आठवत नाही. बहुधा मीच.

10 ऑगस्ट, रविवार

मेन स्विच खाली ओढून चाचणी घेतली. (आधी आईला विचारून. तिचा मिक्सर चालू होता, तो संपेपर्यंत थांबलो.)

लॅपटॉप ‘घर’वरून सुटला, अर्ध्या मिनिटात ‘फोन’वर. छान. स्विच वर केला. राउटर उठायला अडीच मिनिटं. मग वाट पाहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चहा झाला, अंघोळ झाली. लॅपटॉप ‘फोन’वरच. यादीत ‘घर’ पहिलं आहे हे कमांडने पुन्हा खात्री करून पाहिलं. आहेच.

इथे मला मुख्य गोष्ट उमगली, आणि या सगळ्या वहीत कुणी एकच गोष्ट वाचणार असेल तर ही वाचा: यादीचा क्रम विंडोज पाहते ते निवड करताना, म्हणजे सुटलेली असताना, झोपेतून उठल्यावर, चालू झाल्यावर. एकदा कुठेतरी बसली की तिच्या लेखी प्रश्न मिटलेला असतो. उठून वरच्या पंगतीत जायचं की नाही हे वेगळ्याच एका खुणेवर ठरतं, आणि ती खूण ‘घर’च्या प्रोफाइलवर नसते, ‘फोन’च्या प्रोफाइलवर असते. मी आठवडाभर चुकीच्या प्रोफाइलवर काम करत होतो.

कमांड: नेटएसएच डब्ल्यूलॅन सेट प्रोफाइलपॅरामीटर, नेम ‘फोन’, ऑटोस्विच बरोबर येस. अर्थ असा की ‘फोन’वर बसलेला असतानाही जास्त मानाचं कुणी आलंय का बघत राहा. खिडक्यांतूनही करता येतं: जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये “या नेटवर्कवर असताना इतर नेटवर्क शोधा” अशा अर्थाची टिकली आहे. ‘घर’वर हीच खूण नो ठेवली. तिथे बसल्यावर शोधायचं काही कारण नाही.

परत मेन स्विच. राउटर उठल्यावर सहाएक मिनिटांनी लॅपटॉप आपणहून ‘घर’वर आला. मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. आई खालून म्हणाली, “झालं का? आता फ्रीज लावू?”

13-14 ऑगस्ट

भाचा आला होता. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला सगळं येतं. म्हणाला, मामा, एवढं कशाला, एकदा ‘घर’ला जोडायचं आणि ऑटोकॉन्फिगच बंद करून टाकायचं, मग तो कुठे हलणारच नाही. नेटएसएच डब्ल्यूलॅन सेट ऑटोकॉन्फिग एनेबल्ड बरोबर नो, इंटरफेस अमुक. मी मान डोलावली, त्याने टाइप केलं, पोहे खाल्ले आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर वाय-फाय नाही. यादीही रिकामी, शेजारपाजारचं एकही नाव दिसेना. कार्ड जळालं असं वाटलं. ड्रायव्हर तपासला, मागच्या आवृत्तीवर नेला, परत आणला. नेटवर्क रीसेटच्या बटणावर बाण नेऊन ठेवला होता. ते दाबलं असतं तर सगळी प्रोफाइलं पुन्हा गेली असती (एलआयसीचं पाकीट होतं म्हणा). अडीच तासांनी भाच्याचे पोहे आठवले. नेटएसएच डब्ल्यूलॅन शो सेटिंग्ज दिल्यावर तिथे स्वच्छ लिहिलं होतं की आपोआप जोडणी या इंटरफेसवर बंद आहे. येस करून परत चालू केली, दोन सेकंदांत सगळं पूर्ववत.

ऑटोकॉन्फिग हा विंडोजमध्ये वाय-फायचा सारा कारभार पाहणारा कारकून आहे. शोधणं, यादी दाखवणं, जोडणं, सगळं त्याच्याकडे. त्याला रजेवर पाठवून ऑफिस चालत नाही. एका कंपनीचा सकाळचा कॉल बुडाला, तो हिशेबात धरलेला नाही.

17 ऑगस्ट

क्रम बिघडला. ‘फोन’ पुन्हा वर.

शोध घेतला तर अप्पांनी काल ‘घर’ संथ वाटलं म्हणून हाताने ‘फोन’वर टिचकी मारली होती. एका नेटवर्कवर असताना आपण हाताने दुसरं निवडलं की विंडोज त्यावरून धडा घेते: याला हे जास्त आवडतं तर. आणि नव्याला वर सरकवते. तिचा हेतू चांगला आहे, पण अप्पांची एक टिचकी आणि माझी दोन आठवड्यांची मेहनत एकाच तराजूत.

अप्पांना “टिचकी मारू नका” सांगणं हा उपाय नाही, ते सांगून झालंय. क्रम लावायच्या दोन ओळी नोटपॅडमध्ये लिहून बॅट फाइल केली. बिघडलं की ती चालवायची.

20 ऑगस्ट

‘फोन’ला मीटर लावला. नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शनचं बटण आहे ते चालू केलं, दोन मिनिटांचं काम. त्यावर असताना विंडोजचे बहुतेक अपडेट उतरत नाहीत आणि फोटो चढवणारा प्रोग्रॅमही गप्प बसतो. हे मी 2 तारखेलाच करायला हवं होतं. बाकी काहीच केलं नसतं तरी डेटाचं रडणं निम्म्याने कमी झालं असतं.

28 ऑगस्ट, गणपती

घरात अकरा माणसं, नऊ फोन, त्यातल्या तिघांचे हॉटस्पॉट चालू. अप्पांना लॅपटॉपवर नावांची रांग दिसते आणि ते चुकीच्या नावावर टिचकी मारतात. नेटएसएच डब्ल्यूलॅन अ‍ॅड फिल्टर, परमिशन बरोबर ब्लॉक, एसएसआयडी (म्हणजे नेटवर्कचं नाव) अमुक, नेटवर्कटाइप बरोबर इन्फ्रास्ट्रक्चर. ते नाव यादीतून नाहीसं होतं. शेजारच्या काकूंचं आणि समोरच्या क्लासचं असं दोनदा केलं. पाहुण्यांच्या फोनचं केलं नाही, ते पाच दिवसांत जाणार. उद्या काही कारणाने काकूंकडचं लागलं तर दिसणारच नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो: उलटवायला अ‍ॅडच्या जागी डिलीट.

31 ऑगस्ट

विचार केला की लॅपटॉपला शिस्त लावण्यापेक्षा राउटर बंदच पडू दिलं नाही तर? राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पावाच्या लादीएवढा डबा, आत लिथियमच्या सेल. ऑनलाइन मागवला, 1,150 रुपये, 12 व्होल्टचा.

आला तेव्हा पिन बसेना. राउटर उलटं करून वाचलं: 9 व्होल्ट, 0.85 अँपिअर. मी मागवताना जो अ‍ॅडॉप्टर वाचला तो त्याच एक्स्टेंशन बोर्डवरचा सेट-टॉप बॉक्सचा होता. दोन्ही काळे, दोन्ही धुळीत. पिन बसली असती तर राउटरला 12 व्होल्ट गेले असते. व्होल्ट वाचायचे ते राउटरच्या बुडावर. बोर्डवर लोंबणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवर विसंबू नका. परत पाठवायला 90 रुपये कुरिअर. दुसरा मागवला, 9 आणि 12 दोन्ही देणारा, 1,490 रुपये.

2 सप्टेंबर

यूपीएस लावला. दुपारी सव्वातीनला लाइट गेली. राउटरचे दिवे चालू. लॅपटॉप ‘घर’वर घट्ट. मी विजयी मुद्रेने ब्राउझर उघडला.

पान उघडेना.

राउटर जिवंत, इंटरनेट मेलेलं. आमच्याकडे फायबर घरापर्यंत आलेली नाही. खांबावरच्या पेटीपर्यंत फायबर, आणि तिथून साधी लॅन केबल घरात. त्या पेटीतला स्विच खांबावरच्या लाइटवर चालतो. गल्लीची लाइट गेली की तो आंधळा. घरात फायबर येणाऱ्यांचं बहुधा असं होत नाही. त्यांच्या वाटेवरच्या पेटीत फक्त काचेचे फाटे असतात, त्यांना वीज लागतच नाही, आणि मुख्य टोकाला बॅकअप असला की झालं.

आता खरी गंमत. आधी निदान राउटर मरायचं, त्यामुळे लॅपटॉप ‘फोन’वर जायचा. आता राउटर जिवंत असल्यामुळे तो ‘घर’ सोडतच नाही. खाली पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह, “इंटरनेट नाही”, आणि तसाच बसून. विंडोजला इंटरनेट नाही हे कळतं; ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक चिमुकली फाइल मागून बघते, तिच्यात “मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट” एवढंच लिहिलेलं असतं. ती आली नाही की चिन्ह बदलतं. पण त्यावरून वाय-फाय सोडून दुसरीकडे जात नाही. फोन अशा वेळी मोबाइल डेटावर जातो, म्हणून आपल्याला वाटतं लॅपटॉपही जाईल.

थोडक्यात, 1,490 रुपये खर्चून मी जे आपोआप चालत होतं ते बंद पाडलं. अप्पा आले, डबा हातात घेऊन पाहिला. “हा काढला तर चालेल ना पहिल्यासारखं?” चाललं असतं. दहा मिनिटं मी गंभीरपणे तोच विचार केला.

7 सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. रस्त्यावर कमानी, मिरवणूक आज सकाळीही चालूच. रात्री कुठल्याशा ट्रॉलीच्या उंच सजावटीने आमची केबल तोडली. लाइट आहे, राउटर आहे, इंटरनेट नाही. केबलवाला मंगळवारी येतो म्हणाला. म्हणजे यूपीएस काढूनही हा प्रसंग सुटला नसताच: राउटर जिवंत आणि वाट तुटलेली, हे लाइट नसतानाच होतं असं नाही.

तेव्हा यूपीएस राहील. घरातला कॅमेरा त्यावर चालू राहतो, आणि पाच-दहा मिनिटांसाठी लाइट टिचकते तेव्हा खांबावरचा स्विच लगेच उठतो, राउटरच्या अडीच मिनिटांची वाट बघावी लागत नाही. ‘फोन’वर जायचं मात्र आता माणसाने सांगायचं.

9 सप्टेंबर

पहिला प्रयत्न: डेस्कटॉपवर एक बॅट फाइल, आत नेटएसएच डब्ल्यूलॅन कनेक्ट नेम ‘फोन’. डबल क्लिक, चार सेकंदांत जोडलं. अप्पा खूश.

मग ते झाकण मिटून जेवायला गेले. परत येऊन उघडलं तर लॅपटॉप ‘घर’वर, इंटरनेट नाही. बरोबरच आहे. झोपेतून उठला, यादी वाचली, पहिलं नाव हजर होतं, बसला. माझ्याच क्रमाने मला गाठलं.

12 सप्टेंबर

आता दोन बॅट फाइली आहेत आणि तीन दिवस टिकल्यात.

‘फोन’ नावाची: पहिल्या ओळीत ‘घर’चा कनेक्शनमोड मॅन्युअल करायचा (सेट प्रोफाइलपॅरामीटरनेच होतो), दुसरीत ‘फोन’ला जोडायचं. ‘घर’ मॅन्युअल असल्यामुळे झाकण कितीही वेळा उघडा-मिटा, तो तिकडे बघत नाही.

‘घर’ नावाची: ‘घर’चा मोड परत ऑटो, ‘घर’ला जोडायचं, आणि मग प्रोफाइलऑर्डरने ‘घर’ 1, ‘फोन’ 2. क्रमाच्या ओळी शेवटी हव्यात. मी आधी वर ठेवल्या होत्या. जोडायची ओळ हीसुद्धा हाताने निवडल्यासारखीच, म्हणून तिच्यानंतर क्रम ठोकून बसवलेला बरा.

दोन्हीला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा हक्क लागतो. बॅट फाइलीवर तो कायमचा लावता येत नाही, पण तिच्या शॉर्टकटवर लावता येतो: प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथली टिकली. शॉर्टकटला चित्रही बदलता येतं. एकाला घराचं, एकाला फोनचं. चालवताना विंडोज “परवानगी देता का” विचारते, तिथे येस.

अप्पांनी टेबलाला कागद चिकटवलाय, स्वतःच्या अक्षरात: “नेट नाही = फोन. केबल आली = घर. विचारल्यास हो.”

मी इथे सहा आठवड्यांत लिहिलेल्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे.

16 सप्टेंबर

मुदत काल संपायची ती शेवटच्या क्षणी एक दिवस वाढली. अप्पांची शेवटची दोन रिटर्न आज सायंकाळी गेली. मधे पावणेसातला लाइट गेली, मी वर होतो, खालून काही हाक आली नाही. उतरून पाहिलं तर ‘फोन’वर होते आणि पावती छापायची म्हणून प्रिंटर शोधत होते. लाइट नसताना.

हिशेब: यूपीएस 1,490, कुरिअर 90, एकूण 1,580 रुपये. वेळ साधारण 19 तास, त्यातले 5 तास तारा, पोहे आणि लोकेशनचे. गेल्या 30 दिवसांत ‘फोन’वर 6 जीबी. पासवर्ड दसऱ्याला बदलायचाय. प्रिंटरचं नंतर बघू, तो वाय-फायवरचाच आहे.